येतो म्हणालास ना?

मरोळ भागातली निम्मी भुतं मी स्वतः तयार केलेली आहेत, हे आधीच सांगून टाकतो. मरोशीच्या पिंपळावरची पांढरी बाई म्हणजे माझ्या मावशीचं लुगडं आणि दोन बांबू. पाइपलाइनवर रात्री रडणारं तान्हं पोर म्हणजे सायकलच्या ट्यूबमधून चिमटीत धरून हळूहळू सोडलेली हवा. ती कला आहे, कुणालाही जमत नाही. आमच्या चाळीचा सेक्रेटरी चंद्रप्रकाश त्या पोराला इतका घाबरला की महिनाभर संडासला जाताना एका हातात टमरेल आणि दुसऱ्या हातात देवाचा फोटो घेऊन जायचा. आता तो आजोबा झालाय, पण खरं काय ते त्याला अजून माहीत नाही. वाचत असशील तर चंदू, नमस्कार.

तेव्हा माझ्या गोष्टीवर कुणी विश्वास ठेवत नाही, आणि ते बरोबरच आहे. मी धोंडिराम, चौथी नापास, सायकलवाला. फक्त ही एक गोष्ट मी केलेली नाही. आणि मी कुणाच्या घरून निघताना 'येतो' का म्हणत नाही, 'जातो' का म्हणतो, हे विचारणाऱ्यांनी आता एकदाचं ऐकून घ्यावं. बायका कानांवर हात ठेवतात. "अहो, शुभ बोला, येतो म्हणा!" मुलाच्या लग्नात मांडवातून उठताना मी "जातो" म्हणालो तर व्याही तीन वर्षं रुसले. रुसू देत. रुसलेला माणूस निदान आपल्या मागून चालत येत नाही.

साल त्र्याऐंशी. गिरण्यांचा संप होऊन वर्षावर काळ गेला होता, भोंगे गप्प होते. गुणाजी आणि मी एकाच गिरणीतले. पण मी खात्यात धूळ खायचो आणि हा गिरणीसाठी पळायचा. लांब पल्ल्याची धाव, तीच त्याची नोकरी. आम्ही पळालो की मुकादम खाडा मांडायचा. हा पळाला की साहेबलोक टाळ्या वाजवायचे. सुरुवातीला एकदा सुताची गाडी पायावरून गेली आणि त्याच्या उजव्या पायाची करंगळी तुटली. उरलेल्या बोटांवर पळून त्यानं गिरणीच्या ऑफिसात ढालींचं कपाट भरून टाकलं. मी म्हणायचो, "गुण्या, ते बोट गेलं म्हणून वजन कमी झालं बघ."

संप लागला, गिरणी बंद पडली, तिची टीमही बंद. कुणी भाजी विकली, कुणी गावी गेलं, मी मरोळ नाक्याला सायकलचं दुकान टाकलं. गुणाजीला पळण्याशिवाय काही येत नव्हतं, आणि पळणं काही हातगाडीवर मांडून विकता येत नाही. शेवटी एमआयडीसीतल्या एका कंपनीनं त्याला टेम्परवारी घेतला. कंपनीचं नाव सांगत नाही, उगाच फुकटची जाहिरात. तिथल्या क्रीडासाहेबाच्या गळ्यात कायम शिट्टी असायची. तो म्हणाला, "डिसेंबरात वांद्रे ते बोरिवली रेस आहे. पहिल्या तिघांत आलास तर पर्मनंट, वर कंपनीची खोली. नाहीतर राम राम."

गुणाजीनं तिशी ओलांडली होती. पुढच्या वर्षी त्याला कुणी उभं केलं नसतं. घरी आई सखुबाई, बायको सुगंधा, दोन पोरं, भावाचं कुटुंब, आणि हे सगळे एका खोलीत. रात्री कूस बदलायची तर सगळ्यांना विचारून. ती कंपनीची खोली म्हणजे त्याला स्वर्ग होता.

रेस दुपारची होती, कारण झेंडा दाखवायला मंत्री येणार आणि मंत्री जेवल्याशिवाय येत नाहीत. म्हणून शिट्टीसाहेबानं फर्मान काढलं, प्रॅक्टिसही दुपारीच. सकाळची पाळी झाली की गुणाजी माझ्या दुकानावर यायचा आणि आम्ही आरे कॉलनीत शिरायचो. तो पळायचा, मी बाजूनं सायकलवर. कॅरिअरला लिंबू-मीठ-साखरेच्या पाण्याची कॅन. कधीमधी मी मीठ जरा जास्तच टाकायचो. त्याचं तोंड बघण्यासारखं व्हायचं.

त्या दिवशीही आम्ही असेच निघालो. ऑक्टोबरचं ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. तबेल्यांवरून शेणाचा, ओल्या पेंढ्याचा आणि आंबलेल्या दुधाचा वास येत होता. आडवाटेला लागलो आणि माझं मागचं चाक बसलं. सायकलवाल्याचीच सायकल पंक्चर! गुणाजी पोट धरून हसला. मग पाणी प्यायला कॅन काढली तर झाकण सैल आणि कॅन कोरडी. मग मी हसलो.

थोडं चाललो. दोन्ही बाजूंना झाडी दाट होत गेली. मला प्रथम काय जाणवलं सांगू? वास गेला. आरेमध्ये शेणाचा वास नाही म्हणजे मासळी बाजारात मासळीचा वास नाही. त्या जागी दुसराच वास होता, विझवलेल्या चुलीतल्या ओल्या राखेसारखा. आणि पाखरू बोलत नव्हतं.

जांभळाच्या झाडाखाली एक कौलारू घर होतं. आधी कधी पाहिलं नव्हतं, पण आम्ही त्या वाटेनं आलोही नव्हतो. उंबऱ्यावर एक म्हातारी बसली होती, विटलेलं लुगडं नेसलेली. मांडीशी तांब्याचा तांब्या, काठोकाठ भरलेला. आमचीच वाट बघत असल्यासारखी.

"आये, पाणी मिळेल का?" गुणाजीनं विचारलं.

तिनं तांब्या पुढे केला. माझ्याकडे नाही, त्याच्याकडेच. गुणाजी वरून धार धरून गटागटा प्यायला. ती त्याच्या तोंडाकडे बघत नव्हती, पायांकडे बघत होती.

"पळतोस?" ती म्हणाली.

"नोकरीच ती आहे, आये."

"माझापण पळायचा. येतो म्हणून गेला." ती थांबली. "मी विचारलंच नाही, कधी..."

आता मी आगाऊ माणूस, दुसऱ्याच्या घरात डोकावल्याशिवाय मला चैन पडत नाही. मान लांबवून आत पाहिलं. आत अंधार. भर दुपारी जमिनीवर, भिंतीच्या कडेला, एक दिवा जळत होता. आणि शेजारी एक टोपली पालथी घातलेली.

ज्यांनी घरात मयत पाहिलंय त्यांना हे सांगायला नको. माणूस जिथं गेला तिथं दिवा ठेवतात, पीठ पसरतात आणि वर टोपली झाकतात. मग त्या पिठात कुणाचं पाऊल उमटतं ते बघतात. आणि अशा घरातून उठताना कुणी कधी 'येतो' म्हणत नाही. गुपचूप चपला घालायच्या आणि वाट धरायची. लहान पोरालाही ठाऊक असतं.

मी गुणाजीला कोपर मारायला वळलो. तेवढ्यात त्यानं हाताच्या पालथ्या बाजूनं तोंड पुसलं, तांब्या तिच्या हातात दिला, आणि चांगल्या घरच्या मुलासारखं म्हणाला,

"येतो हां, आये."

"कधी?" म्हातारी म्हणाली.

तुम्हाला आयुष्यात 'येतो' म्हटल्यावर कुणी 'कधी' असं विचारलंय? विचारत नाहीत. 'ये' म्हणतात, 'या' म्हणतात, मान हलवतात. ती तशी नव्हती विचारत. तिला उत्तर हवं होतं.

गुणाजी गडबडला. भला माणूस, नाही म्हणता येईना. "आं... रेस आहे ना डिसेंबरात. रेस झाली की येतो."

"ये," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "आणि तू?"

माझ्या अंगावर काटा आला होता, आणि अंगावर काटा आला की माझी जीभ जास्तच वळवळते. "मी नाही येत, म्हातारे. मी आपला जातो."

"बरं," ती म्हणाली. त्यानंतर तिनं माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. मी तिथं नव्हतोच जणू.

वळणावर आल्यावर शेणाचा वास परत आला. इतका गोड वास मी आयुष्यात घेतलेला नाही.

दुसऱ्या दिवशीपासून ते सुरू झालं.

आम्ही नेहमीच्या मोठ्या रस्त्यानंच गेलो. गुणाजीचे कॅनव्हासचे बूट थप थप वाजत होते, माझी चेन खरखरत होती. आणि त्या दोन्हींच्या मागून तिसरा आवाज. चुळुक... चुळुक... भरलेलं भांडं घेऊन कुणी घाईनं चालत यावं आणि पाणी डुचमळावं, तसा. मला वाटलं माझी कॅन. मी कॅन काढून रस्त्याच्या कडेला ठेवली. आवाज येतच राहिला.

"धोंड्या," गुणाजी मागं न बघता म्हणाला, "तू करतोयस ना रे हे?"

"नाय रे."

"शप्पथ?"

"तुझ्या मेलेल्या करंगळीची शप्पथ."

तो हसला नाही. "मग मागं बघ ना यार..."

मी पाहिलं. सरळ रस्ता, ऊन, लांबवर एक म्हैस. रस्त्यावर कुणी नाही. फक्त तापलेल्या डांबरावर आमच्या मागून पाण्याच्या थेंबांची एक ओळ येत होती, आणि बघता बघता वाळत होती. शेवटचा थेंब माझ्या मागच्या चाकापाशी पडला. वरून पडताना मी तो पाहिला. कशातून पडला, ते नाही दिसलं.

मी जोरात पॅडल मारलं. गुणाजी माझ्याही पुढे निघून गेला.

आता यातली गंमत बघा. तो रोज वेगानं पळायला लागला. पाऊस पडो, ऊन पडो, थांबला की मागचा आवाज जवळ यायचा, म्हणून तो थांबतच नव्हता. शिट्टीसाहेब घड्याळ बघून नाचायला लागला. "गुणाजी, काय खातोस रे?" गुणाजी काय सांगणार? तो काही खात नव्हता. गालफडं बसली होती. घरी कळशीतून पाणी ओतलं तरी दचकून उठायचा.

एका रविवारी मी त्याच्या घरी गेलो आणि सगळं बोलून टाकलं. सुगंधा भाकऱ्या थापत होती. म्हातारी सखुबाई खाटेवर मशेरी लावत होती. ती ऐकता ऐकता थांबली, बोट तोंडात तसंच.

"पाणी पिलंस तां पिलंस," ती मुलाला म्हणाली, "पण निघतना काय म्हटलंस?"

"येतंय म्हटलंय. आणि काय म्हणतलंय?"

"मेल्या! मयताच्या घरातसून निघतना येतंय म्हणतत? तुका शिंगा फुटली, पण अक्कल फुटाक नाय!" तिनं मशेरीची डबी खाली ठेवली. "आणि वर सांगितलंस कधी ता?"

"रेस झाली काय, म्हणान."

सखुबाईनं मशेरीचं बोट पदराला पुसलं. मग हळू म्हणाली, "मग रेस पुरी करू नको. पळ कितीय पळायचा तां. पण पुरी करू नको."

सुगंधानं तवा आपटला. "आणि कंपनीला काय सांगायचं, आई? एका म्हातारीला वेळ दिलीय म्हणून? खोली जाईल ती कोण देणार, ती म्हातारी?" मग माझ्याकडे वळली. "आणि तुम्ही, धोंडूभावजी! चंद्रप्रकाशभावजींना महिनाभर संडासला जाऊ दिलं नाही तुम्ही, मला काय माहीत नाही? ही पण तुमचीच असेल."

मी शपथा घातल्या. माझ्या शपथांना काय किंमत हो!

शेवटी मीच म्हणालो, की चल, जाऊन तोंडावर सांगून येऊ. शब्द दिला तसा परत घेऊ. म्हातारी वेडी असेल, एकटी असेल. दोन नारळ देऊ, पाया पडू, विषय संपला.

गेलो. घर नाहीसं झालं असेल, नुसतं पडकं जोतं असेल, अशी माझी खात्री होती, कारण मी रचलेल्या गोष्टींत तसंच असतं. पण घर होतं. जांभळाचं झाड होतं. उंबऱ्यावर मात्र कुणी नव्हतं. दार उघडं, आत अंधार, दिवा तसाच जमिनीवर. त्याची ज्योत हलत नव्हती. मी गुणाजीचा दंड धरून ठेवला, अंगणातूनच बोल म्हणून.

"आये..." त्यानं हाक मारली.

आत कुणीतरी पाणी ओतत होतं. एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात. ते थांबलं.

"झाली रेस?" आतून आवाज आला.

गुणाजीचा दंड माझ्या हातात गार पडला. "नाय... अजून नाय, आये."

"मग?"

"मी सांगायला आलो की... मला जमायचं नाय यायला. पोरं लहान आहेत. माफ कर."

आत भांडं जमिनीवर टेकलं. मग अगदी उंबऱ्याच्या आतून, जिथं आम्हाला कुणी दिसत नव्हतं तिथून, समजूत घातल्यासारखा आवाज आला.

"तू येतो म्हणालास ना?"

तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. राग नव्हता. आईनं दारात ताट वाढून ठेवावं, तसा तो आवाज होता.

आम्ही नारळ ठेवले आणि मागं सरकलो. आणि बघा हं, सवय कशी असते. जाताना गुणाजीचं तोंड आपसूक उघडलं. "ये..." म्हणेपर्यंत मी त्याच्या तोंडावर हात दाबला आणि त्याला ओढत रस्त्यापर्यंत आणला. माझ्या तळव्याला त्याचे दात लागले होते.

डिसेंबर आला. रेसच्या सकाळी कंपनीनं त्याला नवे कोरे बूट दिले, पांढरे, निळ्या पट्टीचे. वांद्र्याला फूटपाथवर बसून तो नाड्या बांधत होता. मी बाजूला.

"धोंड्या, पुरी केली तर खोली. आणि पुरी केली तर ती. काय करू यार?"

"अर्ध्यात सोड. तू वाचतोस."

"खोली नाय वाचत."

मी वाकून त्याच्या दुसऱ्या बुटाची नाडी बांधली. एरवी मी दोन्ही नाड्या एकमेकींना बांधल्या असत्या.

मंत्री उशिरा आले, झेंडा हलला, पोरं सुटली. मी हायवेच्या कडेनं सायकल मारत होतो. माणसांची गर्दी होती तोवर काही ऐकू येत नव्हतं. गोरेगाव गेलं, मालाड गेलं, कडेची माणसं विरळ झाली, आणि मला ते ऐकू आलं. चुळुक... चुळुक... बाकीच्या पळणाऱ्यांना येत नसावं. गुणाजीला येत होतं. त्याचे डोळे नुसते समोर लागले होते. मागाठाण्याच्या आसपास त्यानं पुढच्या दोघांना मागे टाकलं. उन्हं उतरली होती, डोंगरामागून काळोख खाली सरकत होता.

रेसचा शेवट बोरिवलीला, नॅशनल पार्कच्या फाटकाजवळ. दोन पोरांनी फीत धरलेली. शिट्टीसाहेब शिट्टी फुंकून फुंकून लाल झालेला. फितीच्या पलीकडे सुगंधा, दोन्ही पोरं आणि टॅक्सीनं आणलेली सखुबाई. त्यांच्या बाजूला एक लांब टेबल, त्यावर ग्लुकोजच्या पाण्याचे पेले, आणि पेले भरणाऱ्या कॉलेजच्या मुली.

टेबलाच्या टोकाला ती उभी होती.

विटलेलं लुगडं, दोन्ही हातांत तो तांब्याचा तांब्या, काठोकाठ भरलेला. इतके दिवस मागून डुचमळणारं पाणी आता जराही हलत नव्हतं. मुली तिच्या अंगावरून हात लांबवून पेले उचलत होत्या.

गुणाजी एकटाच पुढे होता. मागचे लांब. तो आला, आला, आणि फितीपासून हातभर अंतरावर थांबला.

आधी लोक हसले. मग ओरडायला लागले. "अरे पळ! एकच पाऊल!" शिट्टीसाहेबाची शिट्टी तोंडातून गळाली. सुगंधा पुढे धावली. "अहो! एक पाऊल टाका! अहो, एकच..."

गुणाजीनं तिच्याकडे पाहिलं. मग पोरांकडे. मग माझ्याकडे. त्याची छाती वरखाली होत होती. टेबलाच्या टोकाकडून तांब्या हळूच पुढे झाला.

"झाली?" ती म्हणाली. एवढ्या गोंगाटात मला ते स्वच्छ ऐकू आलं.

गुणाजी एक पाऊल मागं सरला. सुगंधाकडे बघत त्याचे ओठ हलले. घर सोडताना माणूस जे म्हणतो, तेच तो म्हणणार होता. "ये..."

"बोलू नको!" सखुबाई किंचाळली.

त्यानं तोंड मिटलं. काही न बोलता, हातही न हलवता, तो वळला आणि पार्कच्या उघड्या फाटकातून आत पळत सुटला. रेसमध्ये पळत होता त्याहून वेगानं. पांढरे बूट झाडांखाली दिसले, मग ठिपक्याएवढे झाले, मग नाही दिसले. पाठोपाठ आलेल्या कुणीतरी फीत तोडली आणि बँड वाजायला लागला.

मी टेबलाकडे पाहिलं. कुणी नव्हतं. चादरीवर तांब्याच्या बुडाचा ओला गोल होता, एवढंच.

पोलीस, पार्कचे शिपाई, कंपनीची माणसं, सगळ्यांनी रान पालथं घातलं. तेच रान पुढे आरेला येऊन मिळतं, म्हणून इकडूनही शोधलं. मी त्या आडवाटेला गेलो. जांभळाचं झाड सापडलं. या वेळी घर नव्हतं. जांभळाखाली आमचे दोन नारळ होते, न फोडलेले.

आठवड्यानं तुळशी तलावाच्या वाटेवर त्याचे बूट सापडले. एक एकीकडे, एक बराच पुढे. पांढरे, निळ्या पट्टीचे. वरून नवे होते. आणि तळ नव्हते. झिजून झिजून आरपार गेले होते, वर्षानुवर्षं कुणी डांबरावर पळावं तसे. शिट्टीसाहेबानं ते हातात धरले आणि खाली ठेवले. तेव्हापासून त्यानं गळ्यात शिट्टी घातली नाही.

खोली गेलीच. कंपनीनं सुगंधाला कँटीनमध्ये लावून घेतलं. तिनं कुंकू पुसलं नाही. सखुबाईनं घरात दिवा लावू दिला नाही, पीठ पसरू दिलं नाही. "तो पळताहा," मरेपर्यंत ती सांगायची. "पळताहा तवसर तिचो नाय." मला विचाराल तर गुणाजीनं आयुष्यात एकदाच लबाडी केली, आणि ती जबरदस्त केली. रेस झाली की येतो म्हणाला होता ना? त्यानं स्वतःची रेस होऊच दिली नाही. पण पळणाऱ्याला थांबता आलं पाहिजे हो. तहान लागली तर पाणी कुणाकडे मागायचं?

आता शेवटचं सांगतो आणि तुम्हाला मोकळं करतो.

दुकान आता मुलगा बघतो. एका डोळ्यात मोतीबिंदू, म्हणून मी नुसता उंबऱ्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला चिडवतो. गेल्या ऑक्टोबरात, भर दुपारी, मुलगा जेवायला गेला होता. रस्ता सुनसान. पंप मारताना येतो तो रबराचा वास असतो ना दुकानात? तो एकदम नाहीसा झाला. माझ्यासमोर एक माणूस उभा होता. धापा टाकत होता. ऊन डोळ्यांवर येत होतं, मला नुसता आकार दिसला. अंगात बनियन, छातीवर काहीतरी नंबर.

"बाबा, पाणी मिळेल का?"

आवाज जवानीतला होता. हल्ली पळण्याचं खूळ सगळ्यांनाच आहे, मला वाटलं असेल कुणी. माठातून तांब्या भरून दिला. वरून धार धरून तो गटागटा प्यायला. किती प्यायला! मग हाताच्या पालथ्या बाजूनं तोंड पुसलं, तांब्या माझ्या हातात दिला.

"येतो हां, बाबा."

आणि माझ्या तोंडून, देवाशपथ, मी न बोलता, निघालं,

"कधी?"

तो जरा गडबडला. "रेस झाली की," म्हणाला, आणि पळत सुटला. अनवाणी. थप थप थप. मी खाली वाकलो, डोळा फाडून पाहिलं. पायरीवर ओलं पाऊल उमटलं होतं आणि कडेनं वाळत चाललं होतं. उजवं. करंगळीच्या जागी काही नव्हतं.

तेव्हापासून दुपारी मी जेवायला आत जात नाही. तांब्या भरून उंबऱ्याशी बसतो. सून वनमाला कुरकुरते, "बाबा, कोण येणार आहे एवढ्या उन्हात?" मी सांगत नाही. काल ती माझं ताट घेऊन दुकानात आली आणि दारातच उभी राहिली.

"काय हो बाबा, या वयात सुद्धा चेष्टा? भर दुपारी जमिनीवर दिवा कशाला लावून ठेवलात?"

मी मागं वळून पाहिलं. भिंतीच्या कडेला, जुन्या टायरांच्या बाजूला, दिवा होता. ज्योत हलत नव्हती.

मी जन्मभर पुष्कळ चेष्टा केल्या, सगळ्या कबूल आहेत. पण तो दिवा मी लावलेला नाही.